घरात न म्हणायची ओळ

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर. जागा: सारसोळे गाव, बयच्या घराची तळमजल्यावरची पुढची खोली. हजर: बय, वय ऐंशीच्या पुढे, तिचा धाकटा मुलगा, म्हणजे नवरीचा बाप, मी, आणि कोलंबीच्या टोपलीवर डोळा ठेवून बसलेलं एक मांजर. बयचा थोरला मुलगा, ज्याच्या सांगण्यावरून ही बैठक मी बोलावली होती, तो खोलीतच होता. पण त्याने पियानोची पुढची फळी काढून आत डोकं घातलं होतं आणि तो बाहेर यायला तयार नव्हता. म्हणून त्याला मी गैरहजर धरलं.

विषय एकच. धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या हळदीला बय धवला गाणार की नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इकडच्या जुन्या गावांत लग्नाच्या एकेका विधीला बायका गाणं म्हणतात, तो धवला. म्हणणारी ती धवलारीण. बयने अर्ध्या गावाची लग्नं अशी लावली आहेत. पण धवला एकटीने होत नाही. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती झेलते. बयची झेलणारी कमळामावशी गेल्या पावसाळ्यात वारली, आणि तेव्हापासून बयने तोंडातून सूर काढलेला नव्हता.

"एकटीनं टाकलेलं गानं भुईवर पडतं, बाय," ती मला म्हणाली. "मी नाय गानार."

"नको गाऊ," धाकटा म्हणाला. "टेन्शन कशाला घेतेस? डीजे सांगितलाय ना. आख्खी गल्ली हालंल."

पियानोच्या आतून आवाज आला, "मी झेलीन."

बयने कोलंबी सोलणं थांबवलं. त्या दोन शब्दांचं वजन कळायला पियानोत डोकं घातलेला हा माणूस कोण, ते आधी सांगायला हवं. बैठकीचं पुढचं नंतर लिहिते.

शाळेत मी वर्गाची मॉनिटर होते. हजेरी घ्यायची, बूट आणि नखं तपासायची, ही माझी कामं. तो माझ्याच वर्गात आणि माझ्याच चाळीत. चाळ त्यांचीच होती. माझे वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. बयच्या चाळीत आम्ही भाडेकरू. सकाळी आम्ही दोघं बरोबर निघायचो आणि हजेरीच्या वेळी तो नसायचा. वाटेत कुठेतरी थांबलेला असायचा. एकदा गिरणीच्या बाहेर सापडला. पिठाच्या गिरणीचा पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे दर फेरीला तो जरासा लंगडतो, ते ऐकत उभा होता. "ऐक ना, लंगडतोय पण पडत नाय," असं मला सांगू लागला. मी कान धरून त्याला शाळेत नेलं. तेव्हापासून तो मला 'हजेरी' म्हणतो आणि मी त्याला 'गैरहजर'. ही नावं अजून चालू आहेत. दुसरी इथे लिहिण्याची गरज नाही.

पियानो तो शिकला चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या, बदल्यात. नेरूळला एका इमारतीत एक म्हातारे सर राहायचे. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला. बय त्यांच्याकडे मासळी द्यायची आणि पाटी पोचवायला कधीकधी हा जायचा. गेला की परत येईना. शेवटी सरांनीच बयला सांगितलं, चिंबोऱ्या पाठवत जा, मी पोराला शिकवतो. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेच्या पोकळ, हे खाडीकाठी कोणालाही माहीत आहे. त्याचं म्हणणं, त्याचे धडेही तसेच होते. पौर्णिमेला सर नुसती बोटं घोटून घ्यायचे, अमावास्येला मात्र खरं काही द्यायचे. आजही एखादं वादन फसलं की तो कपाळाला हात लावून म्हणतो, "आज पुनव होती गं."

बयला हे सगळं कधीच पटलं नाही. तिने सरांच्या घरी पियानो एकदाच पाहिला आणि त्याला नाव ठेवलं, मेज. "माजा पोरगा मेजावर बोटं आपटाया जातो," असं ती बाजारात सांगायची. रागाने नाही, एखाद्याचा पोरगा डाव्या हाताने जेवतो हे सांगावं तसं. गाणं म्हणजे तिच्या लेखी तोंडाने म्हणायची गोष्ट. मेजाचा त्यात काय संबंध?

गावात त्याची ओळख बेंजो पार्टीतला कॅसिओवाला अशी होती. हळदीला, वरातीला बेंजो पार्टी लागायची, तिच्यात हा कॅसिओ वाजवायचा. नाचणारे रंगात आले की याच्या मनात काहीतरी यायचं आणि तो ठेक्याच्या जरा मागे राहून वाजवायला लागायचा. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. एका वरातीत नवऱ्याचा मामा पडला, तेव्हा पार्टीच्या मालकाने त्याला कॅसिओसकट रिक्षात बसवून घरी पाठवलं. "पडला नाय," तो मला नंतर गंभीरपणे म्हणाला, "लंगडला." त्यानंतर तो गेलाच. हॉटेलं, जहाजं, आखात, परत हॉटेलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, आम्ही सीवूड्सला फ्लॅट घेतला. त्याची खबर येईनाशी झाली.

भेट झाली ती माझ्या ऑफिसात. ऐरोलीला आमच्या कंपनीचा दिवाळीआधी एक समारंभ असतो. प्रशासन माझ्याकडे, म्हणजे खुर्च्या, जेवण, फुलं आणि वेळेवर न आलेली माणसं. यंदा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की दाराशी पियानो ठेवू, छान वाटेल. एजन्सीने पियानो आणि वादक दोन्ही पाठवले. पाहुणे यायच्या आधी फेरी मारताना बघते, तर वादक काळ्या कोटात, इस्त्री कडक, आणि पाय उघडे. चपला स्टुलाखाली नीट शेजारीशेजारी लावलेल्या. मी मागून जाऊन हळू आवाजात म्हटलं, "सर, प्लीज शूज घालाल का? आमचे डायरेक्टर येतायत."

त्याने मान वळवली नाही. वाजवता वाजवताच म्हणाला, "हजेरी, तू अजून बूट तपासतेस?"

हातातली यादी गळून पडली असं लिहायला बरं वाटलं असतं. पडली नाही, मी ती घट्ट धरली होती. पण मी त्याच्या स्टुलाच्या कडेवर चक्क बसले, गळ्यात ओळखपत्र, अंगावर समारंभाची साडी.

"गैरहजर, मेल्या, कुठे होतास?"

"सारसोळ्याला."

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

माझ्या घरापासून सारसोळे म्हणजे रिक्षाने पाच-दहा मिनिटं. दोन पावसाळे हा तिथे होता! "मग फोन करता येत नव्हता? नंबर सोड, नाव सांगितलं असतंस तर कोणीही घर दाखवलं असतं."

"फोन फ्रीजमध्ये असतो गं," तो म्हणाला, जणू सगळ्यांचा तिथेच असतो. "बाहेर ठेवला की वाजतो."

हे खरं निघालं. त्याचा फोन फ्रीजमध्ये, बांगड्यांच्या डब्याशेजारी असतो. स्वयंपाकाच्या वेळेला केला तरच लागतो, कारण तेव्हा बय मासळी काढायला फ्रीज उघडते. "हालो, बांगडा काढतंय, थांब," हे मी आता इतक्यांदा ऐकलं आहे की त्याच्याशी असलेलं काम मी जेवणाच्या वेळा बघूनच ठरवते.

बुटांचं त्याने त्या दिवशी ऐकलं नाही. कारण मात्र दिलं. "पॅडल पायानं ऐकायचं असतं. खाडीत उतरताना बूट घालतात का? चिखलात पाय टाकला की खाली काय हाय ते पायाला आधी कळतं, डोक्याला मागनं." डायरेक्टर आले, त्यांनी पाय पाहिले, आणि परदेशात अशी पद्धत असेल असं समजून मान डोलावली.

त्याचा खरा घोळ त्या दिवशी कार्यक्रमाच्या शेवटी झाला. तो गाणं संपवत नाही. गाणं उतरणीला लागतं, आता घरी पोचणार असं वाटतं, दार दिसायला लागतं, आणि हा हात उचलून मांडीवर ठेवतो. बस. लोकांचे टाळीसाठी उचललेले हात अर्ध्यावर राहतात. डायरेक्टरांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "संपलं का?" मी म्हटलं, "हो सर." तो तिकडून म्हणाला, "नाही." दोन चांगल्या हॉटेलांतली कामं याच कारणाने गेली, असं त्यानेच मला सांगितलं. मॅनेजर म्हणायचे, गिऱ्हाइकांना बिल कधी मागावं तेच कळत नाही.

मी एकदा त्याला सरळ विचारलं, तू वाजवतोस ते नेमकं असतं काय? मला गाणं कळत नाही, पण कुठल्याही गोष्टीचा विभाग ठरलेला असला की बरं पडतं. तो म्हणाला, "बय टाकते, कमळामावशी झेलते. झेललेलं तसंच्या तसं परत नाय द्यायचं, थोडं आपलं घालून द्यायचं. एवढंच हाय. बाकीचं इंग्रजीत हाय."

या भेटीनंतर सारसोळ्याला मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमची चाळ उरली नव्हती. तिच्या जागी धाकट्याने बांधलेली इमारत होती, वर भाडेकरू आणि खाली बयचं घर. पियानोची पुढची खोली जिथे आहे, साधारण तिथेच आमची खोली होती. आमची मोरी होती त्या कोपऱ्यात पियानोचे खालचे सूर येतात. खारी हवा लाकडाला लागते म्हणून त्याने पियानोच्या आत फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या टांगल्या आहेत. त्या बदलायचं त्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं. त्याने ट्यूनरलाही बोलावलं होतं. तो माणूस आला, दोघांचं काहीतरी वाजलं, आणि तो हत्यारांची पेटी उचलून निघून गेला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

आता बैठकीकडे येते.

"मी झेलीन," असं तो पियानोच्या आतून म्हणाला, आणि बयने सोललेली कोलंबी टोपात टाकली.

"मेजावर?"

"हां."

"बाप्यानं नाय झेलायचा धवला. बायकांचं काम हाय ते."

"मी कुठं गातोय?" आतून उत्तर आलं. "मेज झेलंल. मेज काय बाप्या हाय?"

धाकटा फिस्सकन हसला. बयने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तिचे खांदे हलायला लागले. "मेला," ती म्हणाली. "शिकून आयलाय."

मग तो पियानोतून बाहेर आला. केसांना जळमट, हातात तारा पिळायची किल्ली. फळी न लावताच त्याने उभ्या उभ्या एक पट्टी दाबली. एकच सूर, खोलीभर.

बयने मान वर केली. तिचं हसू थांबलं.

मला सूर कळत नाही, पण तिचा चेहरा कळला. बाजारात मागून कोणी माहेरच्या नावाने हाक मारावी तसा झाला होता.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली.

"तुझाच," तो म्हणाला. "तू कुठं उभी राहतेस ते मला माहीत नाय होय?"

मग मला ट्यूनरचं भांडण कळलं. बयचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसतो. ट्यूनरने सुचवलं होतं, आजींना जरा वर गायला सांगा. यावर हा म्हणाला होता, ती आयुष्यभर तिथंच उभी हाय, तिला कुठं सरकवतोस, मेज सरकव. अख्खा पियानो खाली उतरवायला ट्यूनरने नकार दिला, म्हणून हा रोज थोडा थोडा, एकेक तार करत तो स्वतःच उतरवत होता. ती गाणार की नाही हे ठरायच्या आधीपासून. आता त्या पियानोवर दुसऱ्या कोणाबरोबर वाजवता येणार नव्हतं. जगातल्या कुठल्याच वाद्याशी तो जुळणार नव्हता.

मी वहीत लिहिलं: धवला होणार. धाकटा म्हणाला, "डीजेचं काय?" मी म्हटलं, "धवल्यानंतर."

मग दुपारच्या तालमी सुरू झाल्या. मी शनिवार-रविवारी जायचे. शब्द कोणीतरी लिहून ठेवायला हवेत, कारण बयशिवाय ते सगळे आता कोणालाच येत नाहीत. मी एक फाइल केली. बय उंबऱ्यापाशी पाटावर, पियानोकडे पाठ करून, मांडीशी मासळी किंवा भाजी घेऊन बसायची. ओळ टाकायची आणि थांबायची. तो झेलायचा. पहिल्या दिवशी त्याने झेलताना इतकं काही घातलं की बयने सुरी खाली ठेवली.

"भरू नको. मोकली जागा हाय ना, ती माजी हाय."

"मोकळीच तर होती."

"मोकली नव्हती. मी थांबले व्हते तिथं."

ज्याने देशोदेशीच्या हॉटेलांत वाजवलं तो माणूस मान खाली घालून "हां बय" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो इतकं कमी वाजवू लागला की ती म्हणाली, "जेवला नाय काय?" शाबासकी तिने एकदाही दिली नाही. ओळ नीट झेलली गेली की ती फक्त थांबायची नाही, पुढची टाकायची. हळूहळू थांबणं कमी झालं. एका रविवारी ती सलग गात राहिली, मांडीवरची गवार निवडायची विसरली, आणि मला दिसलं की त्याचे उघडे पाय पॅडलवर अगदी हलके पडतायत, चिखलात निवटी मासा धरायला जाताना पडतात तसे.

पण दर वेळी शेवट आला की बय टोपली उचलून आत जायची. गाणं अर्धवट. मी फाइल घेऊन मागे गेले.

"बय, शेवटची ओळ राहिली."

"ती घरात नाय म्हनायची."

"का?"

"घरात म्हटली तर लगीन घरातच संपतं. ती मांडवातच."

मला एकदम लख्ख दिसलं. हा लहानपणी चाळीतल्या उंबऱ्याशी बसून बय आणि कमळामावशीच्या तालमी ऐकत आला होता. त्याने ऐकलेलं एकही गाणं संपलंच नव्हतं! मी बाहेर येऊन त्याला तसं सांगितलं. मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं असेन. त्याने पियानोचं झाकण लावलं.

"मग मांडवात तर ऐकली असशील," मी म्हटलं. "इतक्या हळदी झाल्या गावात."

"नाय ऐकली."

"असं कसं?"

"शेवटची ओळ बायका उठता उठता म्हणतात. त्या उठायला लागल्या की बेंजो सुरू करायचा, तशी पद्धतच हाय. आणि कॅसिओ माझा." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिच्यावर मीच वाजवत होतो गं. दर वेळी."

म्हणजे आता हळदीच्या दिवशी, भर मांडवात, जी ओळ त्याने कधीच ऐकलेली नाही ती त्याला पहिल्याच फटक्यात झेलायची होती. मी बयला म्हटलं, निदान एकदा कानात तरी सांग. ती म्हणाली, "झेलनारा हाय ना? मंग झेलंल. नाय तर पडंल."

तो म्हणाला, "पडली तर?"

"तर पडली." आणि ती आत गेली. पण चेहरा मी पाहिला होता. ती ओळ पडली तर ती पुन्हा कधी गाणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

मी वहीत लिहिलं: डीजे थांबवणे. जबाबदारी: मी.

हळदीच्या दुपारी गल्लीत मांडव पडला होता. पियानो उंबऱ्यापर्यंत ओढून आणला होता. अर्धा घरात, अर्धा मांडवात. बायका पिवळ्या साड्यांत गोल बसल्या होत्या, मधे नवरी. बय आज पाटावर नव्हती, खुर्चीवर होती, पण पाठ पियानोकडेच. त्याने स्टुलाखाली चपला लावल्या. मी सगळं एकदा पाहिलं आणि गल्लीच्या टोकाला देवळापाशी गेले, कारण डीजेची गाडी तिथे उभी होती.

डीजेवाला धाकट्याच्या वयाचा, रंगवलेली दाढी, काळा गॉगल. "मॅडम, चालू कवा करायचं?"

"मी सांगेन तेव्हा."

"आनि तुमाला कोन सांगनार?"

याचा मी विचार केला नव्हता. तेवढ्यात धाकट्याला फोन लावून ठरवलं, सगळं पूर्ण झालं की मांडवाच्या तोंडाशी येऊन त्याने हात वर करायचा. मग मी डीजेच्या बटणांशेजारी उभी राहिले.

लांबून बयचा आवाज येत होता. बारीक, पण तुटत नव्हता. ओळ यायची, मग मोकळी जागा, मग पियानो. शब्द कळत नव्हते, पण ते मला आता पाठ होते. मी मनातल्या मनात फाइलचं एकेक पान उलटत होते. गल्लीतली गडबड हळूहळू थांबली. दुकानापाशी उभे असलेले पुरुषही गप्प झाले. शेवटचं पान आलं.

मांडवात पिवळ्या साड्या हलल्या. बायका उठायला लागल्या.

डीजेवाल्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. वर्षानुवर्षांची पद्धत, बायका उठल्या की चालू. मी त्याचं मनगट धरलं आणि ओरडले, "थांबा!"

"अहो उठल्या ना त्या!"

"उठू द्या! हात काढा आधी!"

"मॅडम, आमाला नका शिकवू, इकडच्या हळदी मी..."

"काढा म्हणते ना हात!"

त्याने हात काढला. मी गर्रकन वळले. मांडव अगदी शांत होता. आणि त्याच्या तोंडाशी धाकटा उभा होता, हळदीने माखलेला हात उंच धरून.

म्हणजे ओळ झाली होती. तिच्यावर मी ओरडले होते.

डीजे सुरू झाला. मी गर्दीतून वाट काढत मांडवात पोचले, तेव्हा बय पियानोकडे तोंड करून उभी होती. तिचा हात हळदीच्या वाटीत होता. तिने आधी लेकाच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग वाकून, नवरीच्या कपाळाला लावावी तशी, मेजालाही लावली. पट्ट्यांच्या वरच्या लाकडावर तिची चार बोटं उमटली. तो हातांकडे बघत बसला होता. डीजेच्या आवाजात त्याला विचारायला मला त्याच्या कानाशी जावं लागलं.

"संपवलंस?"

"झेललं," तो म्हणाला.

नंतर मी सगळ्यांना विचारलं. धाकटा म्हणाला, बय म्हणाली तेच त्याने दिलं, अगदी तसंच्या तसं. त्याची बायको म्हणाली, छे, एकदम वेगळंच दिलं, बयला रडू आलं. नवरी म्हणाली, आजी रडली नाही, हसली. शब्द विचारले तर प्रत्येक जण म्हणतं, "असं काहीतरी होतं बघ," आणि प्रत्येकाचं असं वेगळं. फोनवर कोणी घेतलं असेल म्हणून तेही तपासलं. घेतलं आहे, पण त्यात नेमक्या त्या जागी लांबून एका बाईचा आवाज येतो, "काढा म्हणते ना हात!"

हळदीनंतरच्या रविवारी मी सारसोळ्याला गेले. पियानोवरची चार बोटं तशीच आहेत, तो पुसू देत नाही. ट्यूनरला परत बोलावून पियानो वर चढवू या, म्हटलं, तुला बाहेरची कामं आहेत. म्हणाला, बाहेर पियानो बाहेरचे असतात, हा इथला हाय. मग त्याने धवला वाजवला, एकट्याने, बयच्या मोकळ्या जागा मोकळ्या ठेवून. मी फाइल उघडून, पेन काढून बसले. गाणं उतरणीला लागलं, दार दिसायला लागलं, आणि त्याने हात उचलून मांडीवर ठेवले.

"अरे, आता तर येते ना तुला!"

"येते," तो म्हणाला. "घरात नाय वाजवत."

मी आत बयकडे गेले. ती फ्रीजमधून पापलेट काढत होती. त्याचा फोन तिने बाजूला सरकवला.

"बय, मला तरी सांग. मी तुमच्यासाठीच तिकडे उभी होते."

"ठावं हाय मना," ती म्हणाली. "म्हनून तर तुज्या पोरीला गानार मी. काढ लगीन. मेजबी आनू."

मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिला फोन करून सगळं सांगितलं. "आई," ती म्हणाली, "एका ओळीसाठी मी लग्न करू?" मी म्हटलं, करू नकोस, नुसतं सांगून ठेवते. जरा वेळाने तिचाच फोन आला.

"बयआजीची तब्येत कशी आहे गं?"

"खुटखुटीत आहे," मी म्हटलं. "पण विचारलंस ते बरं केलंस."

फाइलमध्ये धवला पूर्ण झाला आहे. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक विधी वेगळ्या पानावर. शेवटच्या पानाचा खालचा भाग मोकळा सोडला आहे. ती ओळ लिहायची राहिली आहे.